सोहोचा बोळ आणि एक शिट्टी

लंडनच्या सोहो भागातल्या सेंट अ‍ॅन्स कोर्ट या बोळात १९७०च्या दशकात ‘डार्क दे वेअर अँड गोल्डन-आइड’ हे दुकान होतं. नाव रे ब्रॅडबरीच्या कथेचं. अमेरिकी कॉमिक आणि विज्ञानकथा यांच्या वेड्यांचा तो अड्डाच. १९८१मध्ये त्याला टाळं लागलं. त्याआधीच, १९७८ साली, जवळच्या डेन्मार्क स्ट्रीटवर ‘फॉरबिडन प्लॅनेट’ सुरू झालं होतं. ते आज शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर आहे. दुकान चकाचक, पण जुन्या अंकांपेक्षा खेळण्यांचाच तोरा जास्त!

संग्राहकांचा खरा जीव अडकतो तो अंकासोबतच्या फुकट भेटवस्तूंत. ‘द डँडी’ या मुलांच्या ब्रिटिश कॉमिकचा पहिला अंक ४ डिसेंबर १९३७चा, सोबत एक शिट्टी. पोरांनी ती वाजवून हरवली, अंक रद्दीत गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर कागद गोळा करण्याची मोहीमच निघाली. शिट्टीसकट टिकलेली एक प्रत २००४च्या लिलावात २०,३५० पौंडांना गेली.

ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या जुन्या अमेरिकी अंकांच्या मुखपृष्ठावर, छापील सेंटच्या किमतीजवळ, पेन्सच्या किमतीचा शाईचा शिक्का दिसतो. अमेरिकी गिऱ्हाइकाला तो डाग वाटतो; काही ब्रिटिश संग्राहकांना मात्र तोच हवा असतो.

आणि हो, असा एखादा अंक हाती लागलाच, तर फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, कागद खाते आणि किंमतही घालवते.