बॉनेटवरचा पिवळा पाऊस

फेब्रुवारी सरत आला की आमच्या सोसायटीतल्या पांढऱ्या गाड्यांना कावीळ होते. सकाळी बघावं तर बॉनेटवर, टपावर, काचेवर मसुराएवढे पिवळट-तपकिरी ठिपके. काही गोल, काही शेपूट फुटल्यासारखे लांबट. पहिल्या वर्षी मी शेजारच्या इमारतीच्या रंगाऱ्यांवर संशय घेतला, दुसऱ्या वर्षी कबुतरांवर. तिसऱ्या वर्षी वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, खाली काय शोधताय? वर बघा." नवव्या मजल्याच्या सज्जाखाली परातीहून मोठं आग्या मोहोळ लटकत होतं.

एकदा कळलं की ओळख सोपी. पक्ष्याच्या शिटेत पांढरा भाग असतोच. झाडावरच्या माव्याचा चिकटा पारदर्शक असतो आणि धूळ बसली की काळा पडतो. बोअरच्या पाण्याचे क्षार पांढरी कडी उमटवून जातात. पिवळे थेंब शेकड्याने पडले असतील, तर ती मधमाश्यांची शी.

मधमाशी पोळ्यात घाण करत नाही, त्यासाठी बाहेर उडते. आग्या माश्या तर हे काम थव्याने उरकतात. उन्हाच्या दिवसांत पोटातलं ओझं टाकलं की अंगातली उष्णताही त्यासोबत जाते, असं मखदझिर मर्दान आणि पीटर केव्हन या संशोधकांनी १९८९ साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. म्हणजे माझं बॉनेट ही त्यांच्या कूलिंग सिस्टिमची मोरी!

पण खरी गंमत त्या थेंबाच्या आत आहे. माशी पराग खाते, त्यातली प्रथिनं पचवते आणि टरफल बाहेर टाकते. हे टरफल स्पोरोपोलेनिनचं असतं. सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट पदार्थांत त्याची गणना होते. परागांचे अभ्यासक नमुना स्वच्छ करायला तो असेटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तापवतात. आतलं सगळं विरघळतं, टरफल मात्र नक्षीसकट शाबूत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकांतही ते सापडतं. त्याच्यापुढे आपला दोनशे रुपयांचा शाम्पू म्हणजे काय!

या रिकाम्या टरफलांनी एकदा महासत्तांच्या भांडणात साक्ष दिली. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिनमध्ये आरोप केला, की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत मदतीने बुरशीजन्य विष वापरलं जातंय. लाओसमधून आलेले हमोंग निर्वासित पानांवर पडणाऱ्या 'पिवळ्या पावसा'बद्दल सांगत होते. पण त्या डागांत सापडले पराग, तेही आतून पोकळ. एखाद्याने मुद्दाम पराग मिसळले असते तर ते भरलेले निघाले असते. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली १९८४ साली थायलंडच्या जंगलात गेले, तेव्हा असाच पाऊस त्यांच्या अंगावर पडला. अमेरिकेने आरोप अधिकृतपणे कधी मागे घेतला नाही, तो भाग वेगळा. आपल्याकडेही जून २००२ मध्ये कोलकात्याजवळच्या संग्रामपुरात पिवळट-हिरवे थेंब पडले आणि विषारी पावसाच्या अफवेने लोक धास्तावले. तपासात निघाली तीच मधमाश्यांची विष्ठा.

तर गाडीकडे वळू. पराग विरघळत नाही, त्यामुळे त्याला धरून ठेवणारं वाळलेलं चिकट तेवढं सैल करायचं. रंगावरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं की धुळीचे चरे त्यावरच पडतात. नखाने खरवडणं किंवा भांड्याची घासणी घेणं हा तर गुन्हाच. गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा निवू द्यावा. मग शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं डागांवर दहा मिनिटं नुसतं पांघरून ठेवावं, तापलेल्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं. नंतर न दाबता उचलावं. थेंब फडक्यासोबत येतात.

तरी शंका असेल तर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न कळणारी खरखरही जाणवते. तिथे क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी वापरायची, पण भरपूर ओलावा ठेवून. क्ले जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी. शेवटी वॅक्सचा हात दिला की पुढचे थेंब लवकर सुटतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून मोहोळ जाळायची सूचना सोसायटीच्या मीटिंगमध्ये आली होती. मी विरोधात हात वर केला. आग्या माश्या ऋतू बदलला की आपणच मुक्काम हलवतात.

एक थेंब मात्र मी पुसला नव्हता. तो भाचीने काचपट्टीवर घेतला आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. पिवळसर गोळे, काही गुळगुळीत, काही तीन खाचांचे आणि एक धोतऱ्याच्या फळासारखा सगळीकडून काटेरी. "मामा, हा सूर्यफुलाच्या कुळातला," तिने लिहिलं होतं. "तुझ्या सोसायटीत सूर्यफुलं कुठायत रे?"