चाचणीस संमती देण्यापूर्वी

एच.आय.व्ही.वर आज उपलब्ध असलेले प्रत्येक औषध प्रथम काही रुग्णांनी चाचणीत स्वेच्छेने घेतले, तेव्हाच ते इतरांपर्यंत पोहोचले. तथापि चाचणी म्हणजे नेहमीचा उपचार नव्हे. उपचाराचा हेतू त्या रुग्णाचे हित हा असतो. चाचणीचा हेतू एका प्रश्नाचे उत्तर शोधणे हा असतो, आणि ते उत्तर आधी डॉक्टरांनाही ठाऊक नसते.

नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील एका चाचणीत पुणे व चेन्नई येथील केंद्रेही होती. औषधे लवकर सुरू केल्यास जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे तीतून २०११ मध्ये दिसून आले. याउलट, औषधे मधूनमधून थांबविल्यास दुष्परिणाम टळतील, या अपेक्षेने ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांवर घेतलेल्या 'स्मार्ट' चाचणीत औषधे थांबविणाऱ्यांनाच अधिक अपाय झाला. जानेवारी २००६ मध्ये नवी भरती थांबवावी लागली.

म्हणून संमतीपूर्वी रुग्णाने विचारावे : चालू औषधे बंद करावी लागतील काय? कोणास कोणते औषध, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरणार काय? रक्त किती वेळा घेतले जाईल? प्रवासखर्च मिळेल काय? चाचणी संपल्यावर औषध चालू राहील काय?

केंद्र शासनाच्या २०१९ च्या नियमांनुसार ही माहिती रुग्णास समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. मराठी रुग्णाने ती मराठीतून मागावी. निरक्षर रुग्णासाठी निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो. संमतिपत्राची प्रत रुग्णास द्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाईची तरतूद आहे. संमतीप्रक्रियेची नोंद जेथे आवश्यक असते, तेथे एच.आय.व्ही.विरोधी औषधांबाबत चित्रीकरणाऐवजी केवळ ध्वनिमुद्रण करावयाचे असते. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने संरक्षित केली आहे.

'डॉक्टरसाहेब सांगतात, मग नाही कसे म्हणावे?' हा संकोच अनाठायी आहे. शासकीय ए.आर.टी. केंद्रांतून २००४ पासून मिळणारी मोफत औषधे, चाचणीस नकार दिला किंवा ती मध्येच सोडली म्हणून बंद करता येत नाहीत. कागद घरी न्यावा, विश्वासातील व्यक्तीशी विचारविनिमय करावा आणि मगच होकार किंवा नकार कळवावा.