दारं धरता धरता कादंबरी

वाचकहो, या पानावर एरवी आपण बियाणे, खते, कीड-रोग आणि अनुदान यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण शेताच्या बांधाबाहेरचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात रब्बीची रानं मोकळी झाल्यावर मातीचे नमुने काढण्यासाठी माणदेशातल्या एका गावी जाण्याचा योग आला. नमुना पिशवीत भरला. चिठ्ठीवर नाव आणि गट नंबर लिहायचा तर माझं पेन कुठं तरी पडलेलं. शेतकरी म्हणाले, "मोटारीच्या खोलीत हाय बघा, स्टार्टरच्या वरच्या फळीवर."

पेन सापडलं. पेनाशेजारी युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेल्या सात वह्याही सापडल्या. जमाखर्चाच्या असतील, असं वाटून मी एक उघडली. आपण शेतकऱ्यांना नोंदी ठेवा म्हणून सांगत फिरतो, आणि हा गडी खरंच ठेवतोय, याचा आनंद झाला. पान उलटलं तर वर लिहिलेलं, 'प्रकरण नववे'.

गृहस्थ ओशाळले. "ते व्हय? ते आपलं असंच. रातच्याला झोप येऊ नये म्हणून."

असंच म्हणता म्हणता या माणसाने दोन कादंबऱ्या लिहून पुऱ्या केल्या आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण बारावी, जमीन चार एकर, एक विहीर, दोन म्हशी. नाव छापायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

छावणीतली पहिली वही

लिहिण्याला सुरुवात झाली ती २०१२-१३ च्या दुष्काळात. विहिरीचा तळ दिसला, कडबा संपला. जनावरं घेऊन ते चारा छावणीत गेले आणि पावसाळा लागेपर्यंत तिथंच राहिले. आधीच्या एका कृषी अधिकाऱ्यांनी दिलेली शेतीची नोंदवही पिशवीत होती. शेतीच नव्हती, तर नोंद कशाची करायची? मग रोज किती चारा मिळाला, टँकर किती वाजता आला, कुणाची गाय बसली ती उठलीच नाही, असं लिहायला लागले. पुढे चाऱ्याच्या वाटपावरून झालेली भांडणं आली. एका म्हाताऱ्याने रात्री बैलाशी केलेलं बोलणं आलं. पाऊस पडला, घरी आले, तेव्हा वही भरली होती.

त्या वहीची पहिली कादंबरी झाली. ती दोन प्रकाशकांकडे पाठवली. एकाकडून उत्तर नाही. दुसऱ्याने छापण्याचा खर्च मागितला. "त्यात मोटार नवी आली असती," म्हणाले आणि विषय संपवला.

रात्रीची लाईट आणि दोन पानं

लिहायला वेळ कुठून काढता, असं मी विचारलं. शेतीपंपाची लाईट त्यांच्याकडे आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे रात्रभर दारं धरायची. एक वाफा भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं आणि खोलीत येऊन बल्बखाली दोन ओळी लिहायच्या. पुन्हा उठायचं. सकाळपर्यंत दोन पानं होतात. एकदा प्रकरण रंगात आलं आणि पाणी फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात शिरलं. "त्या पानाची किंमत मला दोन गोणी कांद्यात भरावी लागली."

मी त्यांना सौर पंपासाठी अर्ज करायला सांगितलं. दिवसा पाणी देता येईल, रात्रीची पायपीट वाचेल, इंगळी-काट्याची भीती राहणार नाही. ते हसून म्हणाले, "खरंय साहेब. पण मग मी लिवू कवा?" अर्ज मात्र त्यांनी केला आहे.

नोकरी-धंदा सांभाळून लिहिणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. 'गारंबीचा बापू' लिहिणारे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांचं काम बघत. विश्वास पाटील प्रशासनात होते. तेव्हा वेळ नाही ही सबब खरी धरली, तर मराठीतली निम्मी कपाटं रिकामी होतील.

आमच्या गृहस्थांची आणखी एक सवय सांगण्यासारखी आहे. वहीच्या मागच्या पानांवर ते शब्द टिपतात. मोटेचा नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळं. मोट गेली आणि तिच्या मागे हे शब्दही चालले. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्यायचे. जोडीला त्या त्या सालचा भाव लिहायचा. कांदा कितीला गेला, मजुरी काय होती, डीएपीची गोणी केवढ्याला पडली. "भाव खोटा लिवला तर बाकीचं बी खोटं वाटतंय," हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

कोणती पुस्तकं वाचावीत?

मी कृषी पदविका झालेला माणूस. साहित्यातलं मला बेताचंच कळतं. पण त्यांनी एका कागदावर पुस्तकं लिहून दिली, आणि वर्षभरात गावोगावच्या वाचनालयांतून मी ती मिळवून वाचली. त्यांनी सांगितलेल्या क्रमानेच आपल्यापुढे ठेवतो.

पहिली 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, माणसांत रुळतो, वाडीकरांच्या कष्टातून तालीम उभी राहते. मग पाऊस दगा देतो आणि सगळी वाडी उठून जाते. पुस्तक लहान आहे, दोन रात्रीत होतं. आमचे गृहस्थ म्हणाले, "एवढं गाव उठतं, पण लेखक एकदा बी गळा काढत न्हाई. म्हणून आपला गळा दाटतो." ज्यांनी आजवर कादंबरी हातात धरली नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरी उद्धव शेळके यांची 'धग', १९६० ची. वऱ्हाडी बोली आपल्याकडच्या माणसाला आधी अडते. मोठ्याने वाचली की सुटते. नवऱ्याचं कामात लक्ष नाही, घरात दाणा नाही, आणि कौतिक नावाची बाई लेकरांसाठी राबत राहते. लेखक तिची कीव करत नाही. तिचं शहाणपण, तिचा ताठा आणि तिच्या चुकाही दाखवतो. गरिबाविषयी लिहिताना त्याला बिचारा करून टाकू नये, हे इथं शिकायला मिळतं.

तिसरी आनंद यादवांची 'गोतावळा', १९७१ ची. हिने मात्र मला अस्वस्थ केलं. नारबा हा शेतावरचा गडी. त्याला घरदार नाही. रानातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. शेतात यंत्र येतं आणि एकेक जनावर कमी होत जातं. वाचकहो, यंत्र वापरा, मजुरी वाचवा, हे सांगण्यात माझी नोकरी गेली. ते चूक आहे, असं मी आजही म्हणणार नाही. पण ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यात काय होतं आणि गड्याच्या मनात काय होतं, हा प्रश्न आमच्या एकाही प्रशिक्षणात निघाला नव्हता.

त्याच साली रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आली. मराठवाडी बोलीत, घरच्या बाईच्या तोंडून सांगितलेली. पुरुषाच्या अडून बसण्यापायी घर कसं विस्कटतं, ते बाईच्या बाजूने दिसतं. बोराडे सर २०२५ मध्ये गेले. घरात मोठ्याने वाचून दाखवायला यासारखं पुस्तक नाही.

धरणात जमीन गेली आहे त्यांनी विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' वाचावी. १९९१ ची ही कादंबरी विस्थापितांची आहे आणि तिला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. हाच धागा कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये निराळ्या वाटेने येतो. जुन्या गावात मागे राहिलेल्या म्हशीला आणायला निघालेल्या माणसाची ही गोष्ट. तिलाही २०२३ चं अकादमी पारितोषिक मिळालं आहे.

शेवटची सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००२ ची. शिकलेला एकनाथ, नोकरी नाही आणि शेती पुरत नाही. आमचे गृहस्थ म्हणतात, ही सगळ्यात शेवटी वाचा, कारण ती आपल्याच घरात घडतीय असं वाटतं आणि मग दुसरं काही हातात धरवत नाही.

बैलांना पाणी पाजलं होतं

आता नाव न छापण्याचं कारण.

त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत एका शेजाऱ्याचं प्रकरण आहे. काही वर्षांपूर्वी कर्जापायी त्या शेजाऱ्याने जीव दिला. तालुक्याहून तपासणीला जे लोक गेले त्यांत मीही होतो. माझ्या कागदावर वय, क्षेत्र, पीक आणि कर्जाची रक्कम एवढंच आलं होतं. कागदाला तेवढंच लागतं.

आमच्या गृहस्थांनी त्यावर वीस पानं लिहिली. नावं बदलली. पण गावात नाव बदलून काय होतं? माणूस कोण ते कळतंच. आठ दिवस वही उघडवेना. शेवटी ते त्या माउलीच्या ओट्यावर गेले, तिला सांगितलं आणि विचारून वीसच्या वीस पानं वाचून दाखवली.

ती गप ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "दादा, लिवलंय ते समदं खरं हाय. पण त्या दिशी त्यांनी बैलांस्नी पाणी पाजलं हुतं. वैरण बी टाकली हुती. ते तुमी न्हाई लिवलं."

ही गोष्ट मला सांगताना ते बराच वेळ वहीचं पान चाळत राहिले. म्हणाले, "साहेब, मी त्याला खचलेला माणूस म्हणून लिवलं हुतं. शेवटच्या दिवशी बी त्यो शेतकरीच हुता, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई." त्यांनी ती वीस पानं फाडली आणि प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. पुन्हा ओट्यावर जाऊन वाचून दाखवलं. या वेळी ती म्हणाली, "आता बराबर हाय." पण एक अट घातली. थोरली मुलगी शिकते आहे, ती आपल्या पायावर उभी राहीपर्यंत छापायचं नाही. म्हणून पूर्ण झालेली कादंबरी युरियाच्या गोणीत थांबली आहे. किती वर्षं, ते सांगता येत नाही. नावगाव टाळून इथं एवढं लिहायला त्या दोघांनीही परवानगी दिली, म्हणून हे आपल्यापुढे आलं.

मी विचारलं, थांबायचा त्रास होत नाही? ते म्हणाले, "ज्याचं लिवलं त्याच्या तोंडावर वाचता आलं म्हंजे अर्धं छापल्यासारखंच हाय."

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा वह्या असतील. कुणी लाजेने लपवल्या असतील, कुणाच्या चुलीत गेल्या असतील. त्यांनी या गृहस्थांकडून तीन गोष्टी घ्याव्यात. रोज थोडं लिहावं, दोन ओळी का होईना. लिहिण्याआधी आणि लिहिता लिहिता वाचावं. आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी लिहिलंत तर ते त्याला विचारून, त्याच्यासमोर वाचून मगच पुढे न्यावं. चूक आपल्यापेक्षा त्याला आधी दिसते.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. आपल्याकडे १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदानावर चालणारी वाचनालयं खेड्यापाड्यात आहेत. संध्याकाळी तासभर का होईना, दार उघडतं. हवं ते पुस्तक नसेल, तर मागणी नोंदवा. मागणीच नसेल, तर नवी पुस्तकं कोण कशाला घेईल? वह्या मात्र जमिनीवर ठेवू नका. वाळवी धान्य आणि कागद यांत फरक करत नाही. उंच फळीवर ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा.

माती परीक्षणाचा अहवाल द्यायला मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो होतो. पालाश भरपूर, जस्त कमी. एकरी दहा किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाकायला सांगितलं. त्यांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. कोणत्या वहीत, ते मी विचारलं नाही.