काम नसताना मुंबईला



कर्जत-खालापूरच्या बायांना मुंबई नवी नाही. रिपोर्टची पिशवी घेऊन आपण तिथल्या मोठ्या दवाखान्यात जातो. पावसाळ्यात शेवळी, टाकळा, करटोली घेऊन भल्या पहाटेची लोकल धरतो. पण काम झालं की लगेच परतीची गाडी. नुसती मुंबई बघायला जायचं म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, "तिकडे काम काय आहे?" म्हणून आज आपण बोलणार आहोत, गटाने मिळून एक दिवस मुंबई कशी फिरायची आणि त्यातून गटाला काय मिळतं.

रविवार टाळा. त्या दिवशी मेगाब्लॉक असू शकतो आणि बरीच दुकानं बंद असतात. कर्जतहून सीएसएमटी सुमारे १०० किलोमीटर, लोकलने दोन-सव्वादोन तास. कर्जतलाच सुटणारी गाडी धरली, तर महिलांच्या डब्यात बसायला मिळतं. केळवली, डोलवली, खोपोलीच्या बायांनी जाता-येतानाच्या वेळा लिहून ठेवाव्यात, कारण त्या मार्गावर गाड्या कमी आहेत.

आधी दादरला उतरू. पश्चिमेला पुलाखाली फुलबाजार भरतो. आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेल्या बाया तिथे पानं-फुलं, भाजी विकताना दिसतील. आपल्या गावातून व्यापारी ज्या भावाने माल उचलतो, तोच माल इथे काय भावाने जातो ते विचारा. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि वहीत टिपून घ्या.

तिथून धीम्या लोकलने चिंचपोकळी आणि पायी लालबाग. इथल्या मसाल्याच्या बाजारात मिरची निवडायची, भाजून घ्यायची आणि समोर डंखावर कुटून घ्यायची, सगळं एकाच ठिकाणी होतं. मसाला करणाऱ्या गटांनी इथे घाई करू नये. हा भाग म्हणजे जुनं गिरणगाव. गिरणी कामगारांची कुटुंबं बहुतेक गावाला असायची. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बाया चालवत, पण भांडवलासाठी सावकाराच्या दारी जावं लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

मग सीएसएमटी. ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ साली जागतिक वारशात गेली. आपण एरवी जिथून धावत सुटतो, तिथे बाहेर उभं राहून वर बघा. दगडात कोरलेली पानं, पशुपक्षी दिसतील. पुढे चालत महात्मा फुले मंडई, म्हणजे जुनं क्रॉफर्ड मार्केट, आणि मग मुंबादेवीचं दर्शन. या शहराला नाव तिचंच.

शेवटी गिरगाव. इथल्याच एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तेच आजचं लिज्जत पापड. चौपाटीवर बसून भेळ खाताना ही गोष्ट एकमेकींना सांगा.

आता थोडी काळजी. पैसे एकीकडेच ठेवू नका. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते प्रत्येक ठिकाणी उतरताच ठरवा. स्टेशनवर स्वच्छतागृह दिसलं की जाऊन घ्या, पुढचं कधी सापडेल सांगता येत नाही. रेल्वेत मदतीसाठी १३९, एरवी ११२. संध्याकाळी पाच ते आठ गाड्यांना फार गर्दी असते. परतताना बसने सीएसएमटीला या, म्हणजे सुटणाऱ्या गाडीत जागा मिळेल.

पुढच्या बैठकीत वही उघडा. प्रत्येकीने एक भाव आणि पाहिलेली एक गोष्ट सांगावी. "काम काय होतं?" असं घरी कोणी विचारलंच, तर तीच वही पुढे करा. आणि वहीत न लिहिलेलं एक कामही सांगा: आम्हाला समुद्र बघायचा होता.