आकाशाचे रंगारी

मंगळाचं जवळून टिपलेलं पहिलं चित्र जगाने पाहिलं, ते खडूने रंगवलेलं होतं. गोष्ट जुलै १९६५ ची. नासाचं मरिनर-४ मंगळाजवळून गेलं आणि आकडे धाडू लागलं. चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते ६३ यांपैकी एका आकड्यात. वेग सेकंदाला जेमतेम आठ बिट, म्हणजे एक चित्र उतरायला आठेक तास. यानावरचा टेप रेकॉर्डर नीट चालला की नाही, या काळजीने पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले रिचर्ड ग्रम आणि सहकारी घायकुतीला आले होते. त्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारीशेजारी डकवल्या, पेस्टलचे खडू आणले, कुठल्या आकड्यांना कुठला रंग ते ठरवलं आणि रंगवायला बसले. पिवळा, तपकिरी, लाल. संगणकावरचं चित्र तयार होण्याआधीच मंगळाची कड तिथे उमटली. जनसंपर्कवाल्यांना हा प्रकार पसंत नव्हता, पण टीव्हीवाल्यांनी तेच चित्र उचललं.

तंत्र पुढे अफाट सुधारलं, पण कामाची रीत तीच राहिली. यान किंवा दुर्बीण आकडे पाठवते आणि रंग माणूस ठरवतो. अपवाद आहेत. १९५९ मध्ये सोव्हिएत लूना-३ ने चंद्राची पलीकडची बाजू फिल्मवर टिपली. ती फिल्म यानातच धुतली गेली. अपोलो-८ मधून बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी टिपलेली उगवती पृथ्वीही रंगीत फिल्मवरचीच.

रंग ठरवताना गफलत होते ती कशी, हे १९७६ मध्ये दिसलं. २० जुलैला व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं, दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं आणि त्यात आकाश चक्क निळसर! यानावर रंग जुळवायला एक रंगपट्टी बसवलेली होती. तिच्याशी ताडून पाहिल्यावर आकाश गुलाबीसर निघालं, कारण तिथल्या हवेत बारीक धूळ तरंगत असते. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा काही बातमीदारांनी गंमतीत हुर्यो उडवली, असं कार्ल सेगन यांनी नोंदवलं आहे. आपल्यासारखं आकाश तिथेही असावं, ही हौस पत्रकारांनाही सुटत नाही.

हबल या अंतराळ दुर्बिणीची गोष्ट आणखी पेचाची. १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातले 'निर्मितीचे स्तंभ' टिपले. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचे हे वायू-धुळीचे खांब. त्यांच्या टोकांशी नवे तारे घडताहेत. ३२ स्वतंत्र चित्रं जोडून केलेल्या या चित्राचा वरचा कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला दिसतो, कारण चारपैकी एका कॅमेऱ्याचं वर्धन जास्त होतं. आता रंगांचं. ऑक्सिजनला निळा, हायड्रोजनला हिरवा, गंधकाला लाल. प्रत्यक्षात हायड्रोजन आणि गंधक दोघांचाही तो प्रकाश लालच. जसाच्या तसा दाखवला असता तर सगळीकडे एकच लाली पसरली असती आणि कुठला वायू कुठे आहे ते कळलंच नसतं. म्हणून मला हा हिरवा रंग 'खरा' नसूनही प्रामाणिक वाटतो.

जेम्स वेब दुर्बिणीने ऑक्टोबर २०२२ मध्ये हेच स्तंभ दाखवले, तेही दोनदा. जवळच्या अवरक्त प्रकाशात धूळ विरळ झाली आणि आतले तारे उजळून आले. त्याहून लांब तरंगलांबीत बहुतेक तारे गायब आणि धूळच धूळ. डोळ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. तिथे आखूड तरंगलांबीला निळा, लांब तरंगलांबीला लाल असा क्रम पाळतात. २०१९ मध्ये जाहीर झालेलं एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं कडं तर रेडिओलहरींचं. त्याचा नारिंगी ही निव्वळ निवड.

या रंगाऱ्यांत पुणेही आहे. आदित्य-एल१ यानावरची 'सूट' ही दुर्बीण तिथल्या आयुका या खगोलसंस्थेच्या पुढाकाराने घडली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात सूर्य पाहते. या पट्ट्यातला बराचसा प्रकाश ओझोन अडवतो, त्यामुळे जमिनीवरून तो सूर्य पुरता दिसतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तिची संपूर्ण सूर्यबिंबाची चित्रं आली. त्यातले रंग अर्थातच दिलेले. महत्त्वाचं होतं ते डाग आणि भोवतालची उजळ क्षेत्रं कुठल्या फिल्टरमध्ये कशी दिसतात, हे.

चीड येते ती मथळ्याची. मूळ चित्रासोबत फिल्टर आणि रंगांची माहिती दिलेली असते. आपल्याकडे छापताना आणि मोबाइलवर फिरवताना ती पहिल्यांदा कापली जाते, उरतं 'विश्वाचं अद्भुत रूप'. मग कुणी भाबडेपणाने भारावतो, कुणी 'सगळं फोटोशॉप' म्हणून मोकळा होतो. दोघांनाही दोष देता येत नाही.

वाचकहो, यावर उपाय स्वतः हात घालण्याचा. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावरच्या कॅमेऱ्याची कच्ची चित्रं नासा सर्वांसाठी खुली ठेवते. त्यांतली गाजलेली कितीतरी चित्रं हौशी लोकांनी घडवलेली आहेत. इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर नोंदणी केली की चांद्रयान-२ ची माहितीही मिळते. घरात संगणक आणि दहावी-बारावीचं एखादं पोर असेल, तर यंदाच्या सुट्टीत एक चित्र उतरवून घ्या आणि रंग तुम्हीच ठरवा. फक्त खाली लिहायला विसरू नका, कुठला रंग कशाचा.