पडद्याचे ऑपरेशन : नजर किती परत येते?

मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताच नातवंडांचे चेहरे ओळखतो, हे आपण गावोगाव पाहतो. मधुमेही रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन झाले, की घरचे लोक तीच अपेक्षा धरतात आणि महिनाभरात निराश होतात. ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून पुढची तपासणी सोडून देतात. खरे नुकसान इथेच होते.

मोतीबिंदूत भिंग गढूळ झालेले असते. ते बदलले की काम झाले. पडदा मात्र मज्जातंतूंचा बनलेला असतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपतात, बंद पडतात. मग नव्या, नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. पडद्याचा जो भाग मेला, तो कोणत्याही ऑपरेशनने जिवंत होत नाही.

म्हणून उपचाराचा हेतू समजून घ्यावा. लेसर हे मुख्यतः आहे ती नजर टिकवण्यासाठी असते. त्यामुळे दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवले. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शने देतात; त्यांनी नजर सुधारूही शकते. रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला, तर व्हिट्रेक्टॉमी करतात. १९८५ च्या एका अभ्यासात रक्तस्राव झालेल्या ६१६ डोळ्यांपैकी काहींचे ऑपरेशन लवकर केले, काहींचे वर्षभर थांबून. दोन वर्षांनी ६/१२ किंवा त्याहून चांगली दृष्टी पहिल्या गटात २५ टक्के, तर दुसऱ्यात १५ टक्के डोळ्यांना होती. आज उपकरणे सुधारली, निकालही सुधारले. पण उशिराची किंमत आजही मोजावी लागते.

ऑपरेशननंतर नजर स्थिरावण्यास काही महिने लागतात. डोळ्यात वायू भरला असल्यास सांगितल्याप्रमाणेच मान ठेवावी; विमानप्रवास टाळावा. तेल भरले असल्यास ते काढण्यासाठी बहुधा पुन्हा ऑपरेशन लागते. पुढे मोतीबिंदूही होऊ शकतो. तो बरा होणारा आहे.

मधुमेह कळताच, आणि नंतर दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे. नीट दिसते म्हणून थांबू नका. सुरुवातीला हा आजार काहीच त्रास देत नाही. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवा, विडी-खर्रा सोडा. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळे दिसले, तर पेरणी वा लग्नसराई आटोपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.