माळ घातली, काटा हलेना

आषाढी जवळ आली की लातूर-नांदेडच्या जळकोट, मुखेड, कंधार, अहमदपूर या पट्ट्यात दरवर्षी काही माणसं तुळशीची माळ घालतात. कुणी गावच्या सप्ताहात महाराजांच्या हातून, कुणी थेट पंढरपुरात. त्या दिवसापासून मटण बंद, कोंबडी बंद, अंडं बंद, दारू बंद. महिन्याच्या दोन एकादश्या सुरू. कालपर्यंत रस्सा ओरपणारा माणूस आज 'माऊली' होतो आणि बहुतेकदा आयुष्यभर शब्द पाळतो. एका दिवसात ताट बदलायला लावणारं असं बळ कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात नाही.

माळ घालणाऱ्याच्या मनात वजन नसतंच, नसावंही. पण हल्ली पन्नाशीकडे झुकलेली, शुगर काठावर आलेली माणसंही त्यात असतात. मनातल्या मनात एक छोटा हिशेब चाललेला असतो, 'तेवढंच पोट बी उतरंल.' वर्षभरानं भेट होते तेव्हा चेहऱ्यावर समाधान दिसतं, घरातली भांडणं मिटलेली असतात, पण पट्टा मात्र जिथल्या तिथं. एखाद्याचा तर एक भोक पुढे सरकलेला.

ज्यांचं वजन खरंच उतरतं त्यांचं श्रेय बहुधा चुकीच्या खात्यावर जमा होतं. रोज क्वार्टर घेणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. 180 मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल आणि एका ग्रॅमला सात कॅलरी, म्हणजे सव्वाचारशे कॅलरी नुसत्या बाटलीतच. सोबतचे खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेले पापड वेगळे. हे सगळं एका दिवसात बंद झालं तर माणूस उतरणारच. लोक मात्र म्हणतात, 'मटण सोडलं आन् बघा कसा हलका झाला.'

मटण सोडून फार का फरक पडत नाही? कारण आपल्याकडे ते मुळात होतंच किती? खेड्यातल्या मांसाहारी घरातही आठवड्याला एकदा, फार तर दोनदा मटण शिजतं. श्रावण पाळला जातो, सोमवार-शनिवार पाळले जातात, नवरात्र असतं. वाट्याला चार-पाच फोडी येतात आणि बाकी भाकरी रश्शात कुस्करून खाल्ली जाते. वजन वाढवण्यात फोडींचा हात कमी, वरच्या तेलाच्या तवंगाचा जास्त. मांस जातं, तवंग राहतो. उलट भरपाई म्हणून शेवभाजी येते, ढाब्यावरचा काजू मसाला येतो, पनीर येतं. दुसरीकडे या भागातल्या लिंगायत, जैन, मारवाडी, ब्राह्मण घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजलेलं नाही, तरी त्या घरांतही मधुमेहाच्या गोळ्यांचे डबे आहेत. शाकाहारानंच माणूस सडपातळ होत असता तर ते दिसले नसते.

मग परदेशातले अभ्यास वेगळं का सांगतात? इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या मोठ्या पाहणीत मांसाहारी पुरुषांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 24.4 आढळला, तर दूधही न घेणाऱ्या व्हीगन पुरुषांचा 22.5. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 22 जुळ्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे व्हीगन जेवणावर ठेवलं, दुसऱ्याला चांगल्या प्रतीच्या मिश्र जेवणावर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात व्हीगन जुळ्यांचं वजन भावंडांपेक्षा सरासरी 1.9 किलोनं जास्त उतरलं. त्याहून बोलका प्रयोग अमेरिकेतलेच संशोधक केविन हॉल यांचा, 2021 चा. वीस माणसांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कमी तेलाचं वनस्पतीजन्य जेवण आणि दोन आठवडे भरपूर चरबीचं, मांसप्रधान जेवण दिलं. हवं तेवढं खा, असं दोन्ही वेळी सांगितलं. वनस्पतीजन्य जेवणाच्या दिवसांत माणसांनी आपणहून रोज सुमारे 690 कॅलरी कमी खाल्ल्या. उपाशी राहिल्याची तक्रारही नव्हती.

यातला 'कमी तेलाचं' हा शब्द आपण वाचताना नेमका गाळतो. भाज्या, उसळी, सालासकटची धान्यं यांत पाणी आणि चोथा भरपूर, म्हणून पोट भरतं पण कॅलरी कमी जातात. त्याच भाजीवर दोन पळ्या तेल ओतलं की सगळी वजावट वसूल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2,000 कॅलरींच्या आदर्श ताटात दिवसाला माणशी 27 ग्रॅम तेल-तूप धरलेलं आहे. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं. आपल्या घरी पाच लिटरचा कॅन किती दिवसांत संपतो, हे ज्याचं त्यानं पाहावं. दिवाळीचा महिना हिशेबातून वगळला तरी चालेल.

आता एकादशीकडे वळू. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण करणाऱ्यानं कॅलरी मोजल्या नव्हत्या, पण नेम अचूक होता. साबुदाण्याच्या खिचडीची एक भरलेली ताटली घ्या. 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 40 ग्रॅम दाण्याचं कूट, एक बटाटा, मोठा चमचाभर तूप किंवा शेंगतेल. बेरीज साडेसहाशे कॅलरींच्या आसपास जाते. त्यात प्रथिनं जेमतेम दहा-अकरा ग्रॅम, तीही बहुतेक सगळी शेंगदाण्यांची, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पालेभाजी यांच्याही कॅलरी जवळपास तेवढ्याच भरतात. पण तिथं प्रथिनं वीस ग्रॅमच्या घरात जातात, चोथा कितीतरी पट मिळतो आणि चार तास भुकेची आठवण होत नाही. खिचडी खाल्लेला माऊली मात्र दोन तासांत राजगिऱ्याचा लाडू, मग केळी, मग बटाट्याचा चिवडा शोधत फिरतो. उपवासाला माझा विरोध नाही, उपवासाच्या फराळाला आहे. भगर, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादं फळ यावर एकादशी काढणाऱ्या म्हाताऱ्या बायका अजून गावोगाव आहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

आपल्या शरीराचीही एक गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि 25 ला स्थूलता. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 याच्या आत हवी. वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर भरवसा ठेवा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत पोटाचा घेर जास्त असलेले लोक 39.5 टक्के निघाले. त्याच पाहणीतून 2025 मध्ये असंही पुढे आलं की आपल्या जेवणातली सुमारे 62 टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि प्रथिनांतून फक्त 12 टक्के. अशा ताटातून मांस-अंडी काढली आणि त्याजागी भात, पोळी, बटाटा वाढवला, तर बिघाड वाढतोच.

लातूरचं नाव वजनाच्या चर्चेत घरोघरी पोचलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतला धागा उचलला. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि 45 मिनिटं चालायचं. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. शाकाहारी असो की मांसाहारी, नियम तोच. 2018 मध्ये 'दीक्षित की दिवेकर' हा वाद लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं होतं, थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खा. त्या वर्षाच्या अखेरीला राज्य सरकारनं स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेसाठी दीक्षितांना सदिच्छादूत केलं.

दर खाण्याला इन्सुलिन वाढतं, या दीक्षितांच्या युक्तिवादावर तज्ज्ञांनी भांडावं. मला दोन जेवणांच्या पद्धतीतली खरी करामत मधल्या वेळेत दिसते. जळकोटच्या बाजारात आलेल्या माणसाचा दिवस पाहा. उठल्यावर चहा, नाष्ट्याला सुशीला किंवा निलंगा राईस, वर चहा, तहसीलमध्ये काम झालं म्हणून चहा, पाहुणा भेटला म्हणून चहा आणि भजे, घरी परतल्यावर चहा. कपात दोन चमचे साखर धरली तरी पाच कपांत दोनशे कॅलरी नुसत्या साखरेच्या. दोन वेळा जेवायचं म्हटलं की हे सगळं आपोआप गळतं. माळकरी होताना हीच गोष्ट सुटत नाही, कारण चहा-भजी शाकाहारीच!

बरं, मांसाच्या जागी काय आणायचं, याचं उत्तर शोधायला लातूरकरानं जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे येळवस होते. सगळं गाव रानात, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडलेले, घोंगडीवर पंगत. त्या दिवशीची भज्जी जवळून पाहण्यासारखी असते. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाचे दाणे, भुईमूग. त्यात मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं. मोठ्या पातेल्यात हे सगळं शिजवून चिंचेचं पाणी घालतात आणि बेसन लावून दाट करतात. रटरटायला लागली की रंग काळपट हिरवा होतो आणि बोटाएवढ्या जागेत पाच प्रकारचे दाणे सापडतात. तेल लागतं ते फक्त फोडणीपुरतं. शंभर ग्रॅम ओल्या दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. सोबत वाफवलेले बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवलेली आंबील. हॉल यांच्या प्रयोगातल्या जेवणाचं याहून चांगलं मराठी रूप मला तरी माहीत नाही. अडचण इतकीच की येळवस वर्षातून एकदा येते आणि त्या दिवशीही गव्हाच्या खिरीच्या तीन वाट्या होतात.

ओले दाणे बारमाही नसतात, पण तूर आहे, मोड आलेली मटकी-मूग आहे. लातूरच्या डाळमिलांची डाळ देशभर जाते. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका आमटीचं सगळं साहित्य एकाच जिल्ह्यातून मानांकित झालं म्हणायचं. पण आपल्या घरातलं वरण दिवसेंदिवस पातळ होत चाललंय. वजन उतरवायचं असेल तर आधी वरण घट्ट करा, मगच भात कमी करा. भाकरीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये दिलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आहे, लोह आणि जस्त जास्त असलेलं.

सोयाबीनची गोष्ट मात्र चुटपुट लावणारी आहे. शेकडा 36 च्या पुढे प्रथिनं असलेलं हे पीक आमच्या शिवारात मावत नाही. तेल काढून उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि त्या कोंबड्या आपण विकत आणतो. आपल्याच रानातलं प्रथिन आपल्याला कोंबडीमार्फत पोचतं. घरी सोयाबीन कच्चं वापरू नये, पचत नाही. नीट भाजून किंवा उकडून, वाळवून दळणात शेरामागं मूठ-दोन मुठी टाकावं. दुकानातल्या सोयाच्या वड्यांत तर निम्मी प्रथिनंच असतात. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या की त्यांचा उग्र वास जातो आणि रश्शात मटणाची आठवण काढणाऱ्यांचीही सोय होते.

दूधही सोडायचं, म्हणजे व्हीगन व्हायचं, तर वाट थोडी अवघड. पुण्याचे डॉ. प्रमोद त्रिपाठी, 'शरण' संस्थेच्या डॉ. नंदिता शाह अशी मंडळी मधुमेहासाठी दूधविरहित आहाराचा पुरस्कार करतात आणि त्यांच्यामागे मोठा वर्ग आहे. गांधीजींनी 1912 मध्ये दूध सोडलं, पुढे गंभीर आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि ही सल त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. त्या काळी बी-12 या जीवनसत्त्वाचा शोध लागायचा होता, तो 1948 मध्ये लागला. वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही. दूध पिणारे शाकाहारीही त्यात मागे असतात. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 67 टक्क्यांचं बी-12 कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांचं. हातापायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा हे वयाच्या नावावर खपून जातं. म्हणून माळ घातलेल्यानं वर्षातून एकदा तपासणी करावी आणि दूधही सोडलेल्यानं बी-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून कायमची धरावी. ती स्वस्त असते. कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, राजगिरा. चांगल्या चरबीसाठी जवसाची चटणी. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा किलो पुरे. त्याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, साठीपुढच्या माणसाला तर ते परवडतच नाही. मुळातच काटकुळ्या असलेल्या आजीनं सुनेबरोबर भाकरी कमी करू नये. आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी ताट बदलण्याआधी, जेवणाच्या वेळा कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावं. जेवण घटलं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. दिंडीत चालताना असं झालं तर एकादशी असली तरी आधी गूळ-साखर तोंडात टाकायची.